एकाच प्रोसेसरवर घेतलेली साक्ष

खऱ्या शब्दांनी खोटी साक्ष देता येते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? मी ती दिली आहे.

मी एक चाचणी, यंत्र तपासणारा प्रोग्रॅम, बोलते आहे. रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणाऱ्या यंत्रासाठी मला लिहिले गेले. त्या यंत्रात दोन प्रोसेसर आणि त्यांची सामाईक स्मृती. त्या स्मृतीला कुलूप, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारा प्रोग्रॅम. पहिला कुलूप घेतो, औषधाची मात्रा व ती कितव्यांदा बदलली तो क्रमांक लिहितो, कुलूप सोडतो. मग दुसरा ते घेतो, वाचतो आणि तेवढे औषध सोडतो. प्रोसेसर वेगासाठी कामांचा क्रम परस्पर बदलतात. म्हणून कुलपाचे वचन असे, की सोडण्यापूर्वी जे लिहिले ते पुढच्याला दिसलेच पाहिजे. ते वचन पाळले जाते का, हे लाखो फेऱ्यांत पाहणे हा माझा धर्म.

मला लिहिले एका तपासनीस मुलीने; कुलूप लिहिले तिच्या सख्ख्या मामाने. चाळीस लाख फेऱ्यांत मी एकदा नापास म्हटले.

"मामा, क्रमांक नवा आला, मात्रा जुनीच."

"चाळीस लाखांत एकदा? अगं, इतके श्वास घेतले तर माणसालाही ठसका लागतो!"

"इथे ठसका रुग्णाला लागेल."

"लहानपणापासून तू अशीच. दुधात माशी नसली तरी चमचा घेऊन शोधत बसायचीस. जा, दोन दिवस रजा घे. मी बघतो."

ती गेली. त्या दोन दिवसांचा पश्चात्ताप तिला आजही आहे.

कुलपात क्रम राखणारी एक आज्ञा घालायची होती. त्या आज्ञेने यंत्र किंचित संथ झाले असते, आणि मामाला वेगाचा अभिमान. त्याने कुलपाला हात लावला नाही. माझे लिहिणारा आणि वाचणारा असे दोन्ही भाग एकाच प्रोसेसरवर बसवले. एकट्या प्रोसेसरचे स्वतःशी कधी बिनसत नाही. एक कोटी फेऱ्या झाल्या आणि प्रत्येकीला मी 'उत्तीर्ण' म्हटले. अहवालात त्याने लिहिले, 'दोन प्रोसेसरांवर तपासले', आणि सही केली.

यंत्र रुग्णालयात गेल्यावर सातव्या महिन्यात एका वृद्ध शिक्षकांच्या खाटेशी परिचारिकेने मात्रा कमी केली. पडद्यावर नवा क्रमांक उमटला.

"झाली कमी, मास्तर. आता पडा निवांत."

यंत्र मात्र जुनीच मात्रा सोडत राहिले. मास्तर वाचले, पण जादा औषधाने दोन्ही कान कायमचे गेले.

न्यायालयात भाचीनेच मला पुन्हा दोन प्रोसेसरांवर चालवले. मी नापास म्हटले. फार उशिरा म्हटले. अहवालावरची सही कोणाची, असे विचारताच तिने मामाकडे न पाहता त्याचे नाव घेतले.

"एवढंसं तर होतं," तो पुटपुटला.

माझ्याकडून उत्तर घेणाऱ्यांनो, मला कोठे उभे करून विचारलेत, तेही लिहीत जा. मला उत्तर देता येते, प्रश्न निवडता येत नाही. ईश्वर मात्र दोन्ही वाचतो.

निकाल मास्तरांना ऐकू आला नाही. त्यांच्या पत्नीने तो कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरला: तीन वर्षे सक्तमजुरी.