उभा नारळ

“इतरांना न जाणवणारी गोष्ट तुम्हाला जाणवते, असं कधी वाटतं का?”

डॉक्टर कीर्तींनी कागदावर पेन टेकवून वर पाहिलं.

“वाटतं कशाला? जाणवतंच की,” जोतिबा म्हणाला. “पाणी. हातावर नारळ आडवा धरून रानातनं चालायचं. खाली पाणी आसलं की नारळ उभा ऱ्हातो. जतपास्नं माणपर्यंत कुनालाबी इचारा.”

सांगलीतल्या या दवाखान्यात आठ महिन्यांपासून त्याच्या लेकीवर, पूजावर उपचार चालू होते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला तिला घरामागच्या बोअरच्या पाइपातून माणसं बोलताना ऐकू येऊ लागली होती. गोळ्यांनी आता आवाज थांबले होते. रुग्णांच्या धडधाकट नातेवाइकांचाही अभ्यास करायचा म्हणून जोतिबानं मेंदूचा फोटो काढू दिला होता. आज प्रश्न होते.

एकटं असताना कुणी जवळ आहे असं वाटतं? वाटायचं, भर उन्हात माळावर, आणि नेमका तेव्हाच नारळ हलायचा. साध्या गोष्टीत आपल्यासाठी खूण दिसते? दिसायची; वारुळात, उंबरात, पाण्याची. गावात अशा ‘होय’ला टॉवेल-टोपी मिळायची. इथं बाई एकेक चौकोन भरत होत्या.

बाविसाव्या प्रश्नाला तो थांबला.

“मॅडम, ह्ये समदं आमच्या पूजाचंच लिवलंय.”

“तुम्हाला आजार नाही, काका. हे स्वभावाचे गुण. कुणात कमी, कुणात जास्त. ज्यांच्यात जास्त, त्यांच्या मेंदूत काही ठिकाणी किंचित फरक सापडतो. आजाराचा धोका थोडा वाढतो, पण बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही.”

“मला न्हाई झालं. तिला झालं.” जोतिबा उजव्या तळव्याकडे बघत होता. “माझ्याकडनंच गेलं का?”

“एकाच फोटोवरून ते कुणालाच सांगता येत नाही. शेकडो माणसं तपासली, तरच तो फरक दिसतो.”

“म्हंजे तुमच्याबी हातात नारळच हाय की.”

कीर्ती हसल्या, पण त्याचा चेहरा बघून म्हणाल्या, “दोष तुमचा नाही, एवढं मात्र नक्की. खरं काय नि भास काय, हे तिला कळेनासं झालं, तर ती तुमच्याकडेच बघेल. तेव्हा सरळ सांगा.”

पंधरा दिवसांनी गावातल्या मानसिंगनं त्याला आपल्या रानात पाणी बघायला बोलावलं. लहानपणी पूजा बापाच्या मागं चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन चालायची आणि तो थांबेल तिथं फुली काढायची. आजारी पडल्यापासून आज पहिल्यांदाच तिनं आपणहून पिशवी उचलली. जोतिबाला नको म्हणवेना.

बांधापासून चाळीसेक पावलांवर त्याच्या मानेवर ओळखीची शिरशिरी आली. नारळ हलला आणि शेंडी वर करून उभा राहिला.

“उठला रं उठला!” मानसिंग ओरडला. “आवं आण्णा, खालनं तुमास्नी कोन बोलतंय तरी काय?”

पूजाची बोटं पिशवीवर आवळली. मान कलती करून ती जमिनीकडे बघत होती. मग तिनं बापाकडे पाहिलं.

“आण्णा, खरंच कुनी बोलतं?”

पाणी दाखवायच्या तीस वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं.

“न्हाई बाळा. कुनी न्हाई बोलत. माझा हात हलतोय.” त्यानं नारळ खाली घेतला. “मानसिंगा, पाणी बघायच्या मशीनवाल्याला बोलीव गड्या.”

“चेष्टा करताय व्हय? माझ्या भावाच्या हिरीला तुमीच तर पाणी दावलं!”

“लागलं आसंल. जागा चांगली व्हती.”

मानसिंग पुटपुटत गाडीकडे गेला. जोतिबानं बांधावरच्या दगडावर नारळ फोडला. पाणी ढेकळांवर सांडलं आणि लगेच मुरलं. खोबऱ्याचा मोठा तुकडा काढून त्यानं पूजाला दिला. फक्कीची पिशवी बाजूला ठेवून ती खाऊ लागली.

“गोड हाय,” ती म्हणाली.

जोतिबानं तिच्याशेजारी बसून उजवी मूठ मिटून मांडीखाली दाबून धरली. हात अजून जमिनीकडे ओढला जात होता.