पैठणचं पाणी

"आज कुठपर्यंत आलो व, सुमन?" खुंटीला सूत अडकवत आईनं विचारलं.

"रावेर मागं पडलं. सावदा आलं."

"मंग दोन्हीकडून केळीच असन. आपल्या शेजारच्या फोपनारसारखी."

आई विणकरांसाठी ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, तयार करायची. बुधवारा पेठेमागच्या आमच्या गल्लीत खुंट्यांची रांग होती. त्यांतून सूत घालत टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत हेच. माझी थोरली बहीण उषा पैठणला दिलेली, विणकराच्याच घरी. पैठण तेव्हा निजामाच्या राज्यात. तिकडे दंगली-जाळपोळ सुरू झाली आणि तिची खबर बंद पडली. तिला दिवस गेलेत, एवढंच शेवटचं कळलं होतं.

"इतकं चालते मी," आई एकदा म्हणाली, "सरळ गेले असते तं पैठण आलं असतं."

तेव्हापासून मी शाळेचा जुना नकाशा भिंतीवर लावला. आईच्या खेपांचे मैल करायचे आणि तेवढा लाल दोरा खळीनं पुढे चिकटवायचा. जरीचा माल घेऊन ती वाट तुडवलेले पंडितकाका संध्याकाळी ओट्यावर बसून वाटेत काय दिसतं ते सांगायचे. भुसावळला तापीवरचा रेल्वेचा पूल त्यांनी असा सांगितला, की आई आठवडाभर तिथेच रमली.

"पोचलो की ताई चहा करेल," मी म्हणायची.

"येडी का काय? पोरीले मूल होत नाई तवर तिच्या घरचं पानीबी पेत नसतात मायबाप. मी आपली तिले पाहीन अन् वापस येईन."

अजिंठ्याच्या अलीकडे निजामाची हद्द लागायची, तिथे नकाशाचा रंग बदलत होता. दोरा तिथे आला तेव्हा आई म्हणाली, "थांब. आता नाका लागन." ती चालत राहिली, दोरा मात्र हलला नाही. पंडितकाकांनी तोवर ओट्यावर बसूनच पलीकडची सगळी लेणी दाखवून आणली. "इतके बुद्ध पाहिले, अन् एक पोरगी दिसेना," आई पुटपुटली.

भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. गल्लीत पेढे वाटले. पंडितकाका माल घेऊन निघाले, ते पितृपक्षात परतले. ओट्यावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"मालूबाई, उषा गेली. बाळंतपणात. चैत्रातच. पोरगी झाली होती, तीबी दोन दिवसांतच गेली."

आईच्या हातातलं सूत तुटलं नाही. टोकाच्या खुंटीला वळसा घालताना तिनं मला विचारलं, "चैत्रात आपन कुठं होतो व?"

मी नकाशा पाहिला. "भुसावळला. पुलावर."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खुंट्यांशी उभी. "दोरा पुढं लाव," म्हणाली. "वाट खुली झाली न आता?"

सिल्लोड गेलं, फुलंब्री गेली. औरंगाबादची पाणचक्की कशी ते तिनं विचारलं नाही, पंडितकाकांनीही सांगितलं नाही. थंडी पडू लागली तेव्हा एका सकाळी दोरा गोदावरीला टेकला.

"आई, पैठण आलं."

ती गल्लीच्या टोकाच्या खुंटीपाशी थांबली. डोक्यावरचा पदर नीट केला. खाली बसली.

"पानी आन."

मी तांब्या दिला. बाहेरून आल्यावर धुतात तसे तिनं पाय धुतले. मग उरलेलं पाणी ओंजळीत घेतलं.

"आई, तिथलं पाणी तर..."

"झालं होतं न तिले मूल," ती म्हणाली. "आता चालते."

सगळं पाणी ती सावकाश प्यायली. तांब्या माझ्या हातात दिला, सूत उचललं आणि खुंटीला वळसा घालून परत फिरली.