माझा शेवटचा फर्मा

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो, आणि माझा शेवट चुकलेला आहे. गोष्ट चुकलेली नाही हं, गोष्ट फक्कड आहे. बांधताना माझ्या पोटात भलतीच पानं गेली, एवढंच. पण त्या चुकीने माझं जे भलं झालं, ते धड बांधलेल्या पुस्तकांच्या वाट्याला क्वचितच येतं. तेव्हा आज मी जरा फुशारकी मारणार आहे, सांभाळून घ्या.

माझं नाव 'घुबड : भाग बारावा'. घुबड म्हणजे पक्षी नव्हे, गुप्तहेर. रात्रभर जागतो, दिवसा जांभया देतो, आणि कुणी काही लपवलं की नेमका तिथेच जाऊन उभा राहतो. त्याचा वैरी सफेद हातमोजा. या चोराचा एक हात भाजलेला आहे, म्हणून तो त्या हातात पांढरा हातमोजा घालतो. अकरा भाग झाले तरी त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. तो कोण, हे माझ्यात कळणार होतं. माझ्या मुखपृष्ठावर हिरवंगार आभाळ आहे आणि त्यातून एक हातमोजा खाली उतरतोय. भडक आहे, मला ठाऊक आहे. कागदही साधाच, पिवळट. वाचनालयातल्या जाडजूड कादंबऱ्या माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या, पण त्यांच्या अंगावर धूळ होती आणि माझ्यासाठी लोक रांगेत होते.

माझा जन्म बांधणीच्या कारखान्यात झाला. पुस्तक एकेका पानाने बांधत नाहीत, मित्रांनो. मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याची घडी घालतात, त्या घडीला फर्मा म्हणतात. लांब टेबलावर फर्म्यांचे गठ्ठे ओळीने मांडलेले असतात. एक मावशी टेबलाच्या कडेने चालत जायची आणि प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक फर्मा उचलून एकावर एक ठेवायची. टोकाला पोचली की पुस्तक तयार, मग ते शिलाईला. ही मावशी स्वतः घुबडाची वेडी. चालता चालता वाचायची, त्यामुळे तिला गोष्ट तुकड्यातुकड्याने आणि उलटसुलट कळायची. माझी वेळ आली तेव्हा तिला काही राहवेना. तिने माझा शेवटचा फर्मा उचलला, खिडकीशी नेला आणि उभ्या उभ्या वाचून काढला. वाचून झाल्यावर ती कितीतरी वेळ नुसती बाहेर बघत राहिली. मुकादमाने हाक मारली तशी ती दचकली आणि तिने हातातला फर्मा ठेवून जवळचा दुसराच उचलून मला लावला. शेजारच्या टेबलावर पहिला भाग पुन्हा छापून आला होता, कारण शेवटचा भाग येणार म्हटल्यावर लोकांना पहिल्यापासून वाचायची हुक्की आली होती. मला मिळाला तो पहिल्या भागाचा पहिला फर्मा. आकार तोच, कागद तोच, कुणाच्या लक्षात येणार? मला मात्र त्या मावशीचा राग कधीच आला नाही. आपला शेवट वाचून कुणी इतकं हरवून जावं, याहून मोठी शाबासकी कुठल्या पुस्तकाला मिळते?

वाचनालयात आलो तेव्हा ग्रंथपालबाईंनी मला मांडणीवर ठेवलंच नाही. टेबलाच्या खणात ठेवलं. रांगेत पहिला नंबर होता एका रंगाऱ्याचा आणि त्याच्या मुलीचा. बाप भिंती रंगवायचा, मुलगी रुग्णालयात परिचारिका होती. ती शाळेत होती तेव्हापासून दोघं मिळून घुबड वाचत आले होते, एकाच प्रतीत दोन खुणा घालून. तिची खूण म्हणजे एक लाल दोरा. त्याची खूण म्हणजे रंगांच्या नमुन्याच्या कार्डाची पट्टी. नियम असा की जो पुढे असेल त्याने प्रकरण संपलं की थांबायचं आणि दुसरा आला की मग वाद घालायचा. बापाचा संशय पोलीसप्रमुखावर होता, मुलीचा औषधवाल्यावर. जेवणाच्या ताटावरही तेच चालायचं. आई म्हणायची, "जेवताना तरी त्या घुबडाला बाहेर बसवा."

रंगाऱ्याने हात कितीही घासले तरी अंगठ्याच्या रेषांत रंग राहायचाच, आणि तो अंगठा पानाच्या कोपऱ्यावर उमटायचा. आमच्या अकराही भावंडांवर त्याचे ठसे आहेत. ग्रंथपालबाई चिडायच्या. "अहो, हे पुस्तक आहे की भिंत?" म्हणायच्या. तो ओशाळून हसायचा आणि पुढच्या वेळी परत तेच. मुलीला मात्र ते ठसे आवडायचे. "पोपटी लागलाय, म्हणजे हे प्रकरण दवाखान्याच्या कामावर असताना वाचलंय," असं ती बरोबर ओळखायची. मला तर हे ठसे दागिन्यांसारखे वाटतात. दिवसभर शिडीवर उभा राहून दमलेला माणूस घरी येऊन आधी मला हातात घेतो, ही काय लहान गोष्ट आहे?

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा घरात एक बॅग उघडी पडलेली होती. मुलीला समुद्रापलीकडच्या एका मोठ्या रुग्णालयात नोकरी लागली होती. जायच्या आधी मला संपवायचं, असं दोघांनी ठरवलं. लाल दोरा भराभर पुढे गेला आणि नियमाप्रमाणे थांबला. रंगांची पट्टी मात्र नवव्या प्रकरणात येऊन रुतून बसली.

तो मला रोज हातात घ्यायचा, पण वाचायचा नाही. मला उघडून मांडीवर ठेवायचा आणि बॅगेत कपडे भरणाऱ्या मुलीकडे बघायचा. तिने विचारलं की म्हणायचा, "वाचतोय की. वय झालं, हळूहळू होतं आता." मी काही बोलू शकत नव्हतो. मनातून मात्र मी गलबलून गेलो होतो. आपण संपू नये म्हणून कुणी आपल्याला वाचायचं थांबवतं, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्याची लबाडी मुलीनेच पकडली. त्या आठवड्यात तो शाळेच्या भिंती आकाशी रंगवत होता. एका दुपारी तिने मला उघडलं, पानं चाळली आणि त्याच्यासमोर धरलं.

"बाबा, तुमचे हात आठवडाभर निळे आहेत आणि आतल्या पानांवर निळा ठसा एकसुद्धा नाही."

त्याने मला तिच्या हातातून घेऊन मिटलं. मग म्हणाला, "संपवून काय करू? तू गेल्यावर फोनवर 'जेवलीस का' विचारून झालं की माझ्याजवळ दुसरं बोलायला काय आहे? आपण बोलतो ते या घुबडामुळे. तोच संपला तर?"

ती त्याच्याजवळ बसली. तिचे डोळे भरून आले होते. "मलाही संपवायचं नाहीये," ती म्हणाली. "पण तुमच्याशिवाय शेवट वाचायची माझी तयारी नाही. आणि न वाचता गेले तर तिकडे मला कामात लक्ष लागणार नाही. मोठ्याने वाचू या का? आळीपाळीने?"

मग त्यांनी तसंच केलं. अर्ध्या भरलेल्या बॅगेशेजारी बसून एक प्रकरण त्याने वाचायचं, एक तिने. आई भाजी निवडता निवडता ऐकत होती, आणि मध्येच हात थांबवून "मग?" म्हणत होती. घुबड गोदामात शिरला. जिन्यावर पावलं वाजली. घुबडाने कडीला हात घातला, दार उघडलं, आणि समोर उभा होता... मुलीने पान उलटलं. पलीकडे लिहिलं होतं : पान एक, प्रकरण पहिलं, 'एका मोडक्या छत्रीची गोष्ट'.

तिने पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं. मला उलटं करून झटकलंसुद्धा. लाजेने मला कुठे तोंड लपवू असं झालं. बारा भाग धावून आलेल्या माणसांना मी दारात आणून उभं केलं आणि दार उघडलं तर आत काही नाही. मित्रांनो, पुस्तकाला याहून मोठी फजिती नाही.

आधी हसला तो बाप. इतका हसला की खोकला लागला. मग म्हणाला, "आण इकडे. आता आलंच आहे तर वाचतो." आणि त्याने पहिल्या भागाची सुरुवात वाचायला घेतली. घुबडाची छत्री मोडते, तो कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्याकडे जातो, छत्रीवाला एका हाताने छत्री नीट करून देतो. 'त्याचा दुसरा हात खिशातच होता.' एवढं वाचून बाप थांबला. त्याने ते वाक्य परत वाचलं.

"एका हाताने छत्री नीट करतो?" तो म्हणाला. "दुसरा हात खिशात कशाला?"

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. छत्रीवाला प्रत्येक भागात होता. कधी कोपऱ्यावर, कधी पुलाखाली, कधी नुसता गर्दीत. तो इतका साधा माणूस की त्याच्यावर कुणी संशयच घेतला नव्हता. "अहो बाबा, पहिल्याच पानावर होता की तो," ती म्हणाली. त्या दिवशी मला माझ्या लेखकाचा फार अभिमान वाटला. लोक म्हणतात, असली पुस्तकं काय, गाडीत वाचायची आणि सोडून द्यायची. पण या माणसाने पहिल्या पानावर एक हात खिशात ठेवला आणि बारा भाग तो बाहेर काढला नाही. याला धीर लागतो, आणि वाचणाऱ्यावर माया लागते.

त्यांचा अंदाज बरोबर होता की नाही, हे मात्र माझ्यात कुठेच नव्हतं. जाताना मुलीने बापाला बजावलं, "दुसरी प्रत मिळाली तरी एकट्याने वाचायचं नाही. मी आले की वाचू." तो हो म्हणाला.

पुढे ग्रंथपालबाईंनी प्रकाशकाला कळवलं आणि नवी प्रत आली, सगळी पानं जागच्या जागी असलेली. मी रद्दीच्या गठ्ठ्यात गेलो. दोरीने आवळलेला, वर जुनी मासिकं, श्वास कोंडलेला. आता आपलं संपलं असं मला वाटलं. पण रंगारी मला मागायला आला. "बाई, ते चुकलेलं मला द्या," म्हणाला. बाईंनी मला गठ्ठ्यातून ओढून काढलं, पदराने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

मग सुरू झाले त्यांचे फोन. 'जेवलीस का' झालं की छत्रीवाला यायचा. सातव्या भागात तो भर पावसात छत्री न उघडता का उभा होता, चौथ्यात त्याने डाव्या हाताने पैसे का घेतले. बाप मला मांडीवर घेऊन बोलायचा आणि बाकीचे भाग वाचनालयातून एकेक करून परत आणायचा. आई म्हणायची, "मुलीचा फोन आहे की पोलीसचौकीचा?" एकदा न्हाव्याने केस कापता कापता घुबडाच्या शेवटाचा विषय काढला, तर हा अर्ध्या डोक्याने उठून घरी आला. पण शेवट त्याने ऐकला नाही.

काही वर्षांनी मुलगी सुट्टीवर आली. त्याच दिवशी ती वाचनालयात जाऊन नवी प्रत घेऊन आली आणि तिने ती टेबलावर माझ्या शेजारी ठेवली. मग तिने बापाकडे जरा संशयाने बघितलं. "खरं सांगा, एकदाही वाचलं नाहीत?"

त्याने नुसती ती नवी प्रत तिच्याकडे सरकवली. तिने त्या प्रतीकडे नीट पाहिलं. मुखपृष्ठाच्या कडेवर अंगठ्याचे ठसे होते. पोपटी, आकाशी, विटकरी, राखाडी, एकावर एक. वाचनालयात गेला की तो ती प्रत हातात घ्यायचा, धरून उभा राहायचा आणि परत ठेवून द्यायचा. तिने शेवटची पानं उघडली. कितीतरी लोकांनी वाचून ती मऊ झाली होती, पण रंगाचा ठसा आत एकही नव्हता. तिने ते पुस्तक छातीशी धरलं आणि ती रडली. बाप म्हणाला, "वेडी का काय? वाच आता, अर्धं डोकं घेऊन फिरलोय मी यासाठी."

तिने वाचलं. दारात कोण उभा होता, ते मी तुम्हाला सांगणार नाही. दुसऱ्याचा शेवट आधी सांगू नये, मित्रांनो, एवढं पथ्य पाळा. फक्त इतकं सांगतो की बाप आणि मुलगी एकमेकांकडे बघून जे हसले, ते हसणं मी जन्मभर विसरणार नाही.

मग शेवटचं वाक्य आलं आणि सगळे गप्प झाले. बारा भाग, तिची शाळा, त्याच्या भिंती, सगळं त्या गप्प बसण्यात होतं. आईने विचारलं, "संपलं का एकदाचं?"

रंगाऱ्याने नवं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मला उचललं. माझ्या शेवटच्या फर्म्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "कुठे संपलंय? ऐक. पान एक."

आता मी त्यांच्या घरी खिडकीच्या फळीवर असतो. माझी शिवण सैल झाली आहे, पाठ सोलली आहे. पानं थुंकी लावून उलटू नका, कोपरे दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात, मीही सांगतो. पण रंग लागलेल्या हातांना पुस्तकापासून दूर ठेवू नका. आणि एखादं पुस्तक चुकलेलं निघालं, तर रद्दीत टाकण्याआधी ते एकदा कुणाच्या तरी शेजारी बसून मोठ्याने वाचा.