बोकडापुरता उजेड

आमच्याकडे सुनेनं सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही अशी रीत, म्हणून मी त्यांना अता, म्हणजे बाबा, म्हणते. ते कोमुझच्या तारा छेडतात तेव्हा त्यांच्या बोटाला एक दोरा बांधलेला असतो आणि त्या दोऱ्यानं समोरचा लाकडी बोकड नाचतो. सासूबाईंना तीन वर्षं काहीच ऐकू येत नाही. नवऱ्याचं वाजवणं त्या बोकडाच्या पायांत बघतात.

हिवाळ्यात अतांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि प्रखर उजेडात डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेव्हापासून कोमुझ खुंटीवर. उन्हाळ्यात कुरणावर तंबूत राहायला आलो, तिथे एके दिवशी धो धो पाऊस, तंबूचं वरचं तोंड बंद, आत काळोख, म्हणून अतांनी कोमुझ खाली काढला. बोकडावर उजेड टाकायला गाडीच्या बॅटरीवरचा दिवा लावला तर अता तोंड फिरवून बसले. विझवला तर सासूबाईंना बोकड दिसेना.

"राहू दे, सूनबाई," अता म्हणाले.

या "राहू दे"चा मला भयंकर राग आहे. शाळेत भौतिकशास्त्र शिकवते ती काय उगाच?

दिवा मंद करणं सोपं असतं. सेकंदात शेकडो वेळा लावायचा नि विझवायचा, डोळ्यांना पत्ता लागत नाही. विझलेला वेळ वाढवला की उजेड उतरतो. माझ्या डब्यातून एक चिप काढली, एक ट्रान्झिस्टर, फिरवायचं एक बटण, आणि तारा पिळून सगळं जोडलं. उजेड जरा थरथरत होता, पण मी स्वतःवर इतकी खूश होते की तिकडे काणाडोळा केला.

अता वाजवू लागले. सासूबाई जरा वेळ बघत राहिल्या.

"बोकड लंगडतोय," त्या म्हणाल्या. "हात गेला वाटतं यांचा."

अतांचा हात थांबला. ते कोमुझ पुन्हा खुंटीकडे न्यायला उठले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण लंगडत होता तो माझा दिवा. उघडझापीचा वेग ठरवणारा कपॅसिटर मी घाईत मोठा लावला होता. दिव्याची उघडझाप फार सावकाश होत होती आणि बोकडाची निम्मी पावलं अंधारात जात होती.

"बसा, अता," मी सुनेला न शोभणाऱ्या आवाजात म्हटलं आणि छोटा कपॅसिटर बसवला.

उजेड स्थिर झाला. बटण फिरवून बोकडापुरताच ठेवला. अतांनी डोळे उघडे ठेवून वाजवलं, आणि सासूबाईंचा तळहात मांडीवर अचूक ठेका धरू लागला. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

बोकड थांबला.

"शेवटी घाई केलीत," सासूबाई म्हणाल्या. "लग्नापासून हीच खोड."

अतांनी मान डोलावली आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं, या वेळी सावकाश.