कृष्णाच्या गालाचा पापुद्रा

मुलाखत मंगळवारी होती आणि शनिवारपासून रेवाला एका जागी बसवत नव्हतं. चेन्नईतल्या वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये ती लॅपटॉप उघडायची, सातवी स्लाइड बघायची, मिटायची, बाल्कनीत जायची, परत यायची.

रेवा मूळची नाशिकची. पाच वर्षं ती चेन्नईजवळच्या मोटार कारखान्यात रंगाच्या प्रयोगशाळेत होती. बॉनेटवरचा रंग का सुटतो, हे शोधायचं तिचं काम. हेच ज्ञान जुन्या चित्रांच्या कामी येईल हे एका प्रदर्शनात तिच्या डोक्यात आलं, आणि मग कारखान्यात तिचं मन रमेना. शहरातल्या एका संस्थेत वारसा-संवर्धनाच्या विज्ञानात पीएच.डी.च्या दोन जागा निघाल्या. तिने तंजावर शैलीच्या चित्रांच्या रंगांवर प्रस्ताव लिहिला; मुलाखत त्याचीच होती.

सातव्या स्लाइडवर अशाच एका चित्राच्या रंगाच्या पापुद्र्याच्या छेदाचा फोटो होता. राळेत बसवून घासलेला, सूक्ष्मदर्शकाखाली थरांसकट स्वच्छ दिसणारा. वरचा पांढरा थर टायटॅनियमचा. सव्वाशे वर्षांपूर्वी तो रंग बाजारातच नव्हता; आणि चित्र तर ज्यांच्या घरचं, त्यांच्या मते दोनशे वर्षांचं.

कारखान्यातलं मशीन वापरायला तिने साहेबांची परवानगी घेतली होती. पापुद्रा मात्र कुणालाच न विचारता घेतला होता.

चित्र मैलापूरच्या त्रिपुरसुंदरी अम्मांकडचं. सहकारी वेंकटची ही आत्या, तंजावरच्या मराठी घराण्यातली. तीन आठवड्यांपूर्वी अम्मा कॉफी आणायला आत गेल्या, तेव्हा चित्रातल्या लोणी खाणाऱ्या बाळकृष्णाच्या गालावर एक तुकडा अर्धवट सुटलेला रेवाला दिसला. चित्राला काच नव्हती. तिने चिमटा लावला आणि तो हातात आला. कॉफी पिताना तिचा हात पर्सवरच होता.

सोमवारी तिने रजा टाकली आणि राळेतला तुकडा पर्समध्ये घालून लोकल पकडली. डोक्यात वाक्यं जुळवता जुळवता एक स्टेशन आधीच उतरली, मग उन्हातून चालत गेली.

"ये मा, आंत ये," अम्मा म्हणाल्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, हेल तमिळ. "उन्हांत कां चाललीस?"

रेवा बसलीच नाही. उभ्या उभ्याच तिने सांगायला सुरुवात केली. आधी रंगाचं. "अम्मा, चित्र वरून तरी तेवढं जुनं नाही. गालाचा रंग नंतरचा आहे."

अम्मा हसल्या. "तो मामंजींनी लावलेला. तुकोजीराव. रेल्वेंत कारकून होते. एक्या वर्षी भिंत ओली झाली, बाळाचा गाल उकलला. दुकानांतून डबा आणून स्वतःच रंगवले. मी नवी सून, वाटी धरून उभी होते."

तीन आठवडे रेवा हाच शोध उराशी धरून बसली होती.

"मला विचारली असतीस तर सांगितले असते की. पण तुला कसे कळले?"

तेव्हा तिने पर्स उघडली. शर्टाच्या बटणाएवढी राळेची चकती अम्मांच्या तळहातावर ठेवली. "तुम्ही आत असताना मी तुकडा घेतला. चुकलं माझं."

अम्मांचं हसू गेलं. चकती उजेडाकडे धरून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. "रोज फूल वाहते मी ह्याला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू त्याचा गाल नेलीस."

"परत चिकटवता येणार नाही, अम्मा."

"माहीत आहे. इथेच राहू दे." त्यांनी चकती कृष्णाच्या पायाशी ठेवली. "तो फोटो कुणाला दाखवूं नको."

"बरं. पण मामंजींनी रंगवलं, ते सांगू का?"

अम्मांनी विचार केला. "ते सांग. नाव घेऊन सांग."

मंगळवारी मुलाखतीत प्राध्यापक विजयलक्ष्मींनी कागद उलटून पाहिले. "प्रस्तावात छेदाचा फोटो दाखवायचं कबूल केलंय तुम्ही. तो दिसत नाही."

टेबलाखाली रेवाचा पाय हलत होता. "नमुना मालकिणीला न विचारता घेतला होता. तो परत केला, फोटो काढून टाकला."

विजयलक्ष्मींनी कागद खाली ठेवले.

"मग तुमच्याकडे उरलं काय?"

"तुकोजीराव नावाच्या कारकुनाने तो गाल रंगवला, हे त्यांच्या सुनेला आठवतं. तिने सांगायची परवानगी दिली. यंत्राला तो रंग कळला. कुणी लावला आणि का, ते तिच्याचकडून कळलं."

यादी शुक्रवारी लागली. रेवाचं नाव नव्हतं. सोबत विजयलक्ष्मींचं तिच्या नावे वेगळं पत्र होतं: प्रामाणिकपणाने नमुन्याचा दोष पुसला जात नाही, पुढच्या फेरीत लेखी संमती आणि घरच्यांच्या आठवणी जोडून अर्ज करावा.

तिने अम्मांना फोन केला, खरं तर नुसतं कळवायला. अम्मांनी ऐकून घेतलं. "अण्णा नगरला माझी चुलत बहीण आहे. तिच्याकडे रामपट्टाभिषेकाचे जुने चित्र आहे. मी संगे येते, विचारूं."

रविवारी दोघी त्या दाराशी उभ्या होत्या. बेल वाजवून रेवाने घड्याळ पाहिलं, पिशवीतला संमतीचा कागद चाचपला, पुन्हा बेलकडे हात नेला.

"शांत उभी राहा की," अम्मा म्हणाल्या. "आधी मी बोलते."