मुठीचा डबा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर बोरीला चला. डिसेंबरातला रविवार आहे, प्रार्थना संपून दुपार झाली आहे. गावाच्या कडेला पत्र्याचं छोटं चर्च आहे. अंगणात ताडपत्री अंथरली आहे आणि तिच्यावर ज्वारीचा ढीग आहे, तुमच्या कमरेएवढा. भिंतीच्या सावलीला म्हातारी माणसं बसली आहेत, प्रत्येकाच्या मांडीवर घडी घातलेली पिशवी. त्यांची मुलं-सुना ऊस तोडायला गेली आहेत, ती होळीच्या सुमाराला परततील. दिसलं का? आता ढिगाशेजारची अकरा वर्षांची मुलगी बघा. ती निकिता. ती पिशव्यांची तोंडं उघडून धरते आहे. पण तिची नजर पिशवीकडे नाही, ती ढिगावरच खिळली आहे.

का, ते सांगतो.

त्या चर्चमधल्या घरांत एक पद्धत आहे. पोळ्यापासून नाताळापर्यंत रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी एक मूठ ज्वारी वेगळ्या डब्यात टाकायची. नाताळाच्या आधीच्या रविवारी सगळे डबे एकाच ताडपत्रीवर रिकामे होतात आणि तो ढीग गावातल्या गरजू माणसांना वाटला जातो, मग ती कुठल्याही देवाला मानोत. कुणाचा डबा काठोकाठ होता आणि कुणाचा अर्धा, हे कुणी विचारत नाही. देणाऱ्याचं नाव मागं राहू नये, म्हणूनच सगळं एकत्र करतात.

यंदा निकिताची आई साधना दोन महिने आजारी होती. घरात दाणे कमी, म्हणून डबाही अर्धाच भरला. शुक्रवारी निकिता तो हलवून बघत होती, तेवढ्यात मैत्रीण संघप्रिया दारात आली आणि हसत सुटली.

"अगं, डबा हाय का खुळखुळा? लय वाजायलाय!"

ती थट्टाच होती, पण निकिताला ती काट्यासारखी बोचली. माळ्यावर पेरणीतून उरलेल्या बियाण्याची बरणी होती. कीड लागू नये म्हणून त्या ज्वारीला औषध चोळलं होतं, दाणे लालभडक दिसत. निकितानं ते तीन पाण्यांनी धुतलं, पाणी स्वच्छ होईपर्यंत. शनिवारी दिवसभर पत्र्यावर वाळवलं. लाली गेली. मग तिनं डबा भरला. आता तो वाजत नव्हता. रविवारी तिनं तो सगळ्यांसमोर ढिगावर ओतला, तेव्हा तिची मान ताठ होती.

वाटप सुरू झालं. चर्चमधले लिंबाजीमामा मापानं ज्वारी घालू लागले, निकिता पिशवी धरू लागली, शेजारी बसलेली साधना सुतळीनं तोंडं बांधू लागली. पहिलं नाव पुकारलं ते धुरपदाबाईचं. मुलगा आणि सून उसाला गेलेले, घरी ती आणि चार वर्षांचा नातू.

"देवा, लय उपकार," म्हणत तिनं पिशवी डोक्यावर घेतली आणि निकिताच्या गालावरून हात फिरवला. "जाते बाई. लाईट जायच्या आत दळून घेते. पोरगं सकाळपासून भाकर मागायलंय."

ती फाटकाबाहेर पडली, तेव्हा साधनानं सहज विचारलं, "निके, माळ्यावरची बरणी धुऊन कुणी ठेवली गं? त्यात बी होतं."

"मी... मी धुतलं ते."

"कोंबड्यांपुढं न्हाई ना टाकलंस? रामहरीची शेळी तसलंच बी खाऊन गेली. सांज बी बघितली न्हाई तिनं."

"पण आई, धुतल्यावर तर जातंच ना?"

"रंग जातो. औषध आत मुरलेलं असतंय, ते कुठं जातंय!"

तेव्हापासून निकिताची नजर ढिगावर खिळली होती.

"पिशवी नीट धर की, पोरी! दाणे सांडायलेत," लिंबाजीमामा म्हणाले.

दुसरी पिशवी भरली. तिच्यात ते दाणे होते का? ढिगाकडे बघून काही कळत नव्हतं. सगळे दाणे सारखेच दिसत होते. आता बोलावं तर अख्खा ढीग वाया जाईल. सगळ्या घरांच्या चार महिन्यांच्या मुठी मातीत जातील, भिंतीपाशी बसलेली माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन परततील, आणि सगळ्यांना कळेल की हे निकितानं केलं. नाही बोलावं तर? कदाचित काहीच होणार नाही. बियाणं थोडंसंच तर होतं.

मुलांनो, हे 'कदाचित' फार गोड बोलतं. निकिता त्याचं ऐकत राहिली. तिसरी पिशवी भरली.

साधनानं तिसरी गाठ मारली. लिंबाजीमामांनी चौथ्यांदा माप ढिगात खुपसलं. निकिताला भाकर मागणारं ते पोरगं डोळ्यांपुढं दिसलं आणि तिच्या हातून पिशवी सुटली. मग तिनं जे कुणी करत नाही ते केलं. ती दोन्ही पायांनी ढिगावर चढून उभी राहिली.

"अगं ए! अन्नावर पाय? खाली उतर!" लिंबाजीमामा ओरडले. म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर पदर घेतले.

"वाटू नका! ह्यात औषधाचं बी हाय. मी टाकलंय. माझा डबा भरलेला दिसावा म्हणून टाकलंय."

साधनाच्या हातातली सुतळी गळून पडली. गर्दीतून संघप्रिया रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी उगीच म्हणलं होतं गं..."

चर्चमध्ये प्रार्थना घेणाऱ्या पाळककाकांनी ढीग पाहिला, मग निकिताला. "पिशव्या किती गेल्या?" एवढंच त्यांनी विचारलं.

दोन समोरच होत्या. पहिली, धुरपदाबाईची, गिरणीवर गेली होती.

निकिता अनवाणी धावली. वळणावरच गिरणीचा आवाज कानावर आला, म्हणजे लाईट होती. ती आत शिरली तेव्हा गिरणीवाल्यानं पिशवी उचलून गिरणीच्या तोंडाशी धरली होती. निकितानं त्या पिशवीलाच मिठी मारली.

"हे काय गं? दिलेलं माघारी नेतीस का?" धुरपदाबाई चिडली. "देवाच्या नावानं दिलं म्हणं!"

"आजी, त्यात विष हाय. मीच मिसळलंय."

गिरणी बंद झाली. धुरपदाबाई हळू आवाजात म्हणाली, "मग त्या लेकराला आता काय घालू, तूच सांग."

मग निकितानं काय केलं, ठाऊक आहे? पिशवी काखेत मारून तिनं धुरपदाबाईचं मनगट धरलं आणि तिला आपल्या घरी नेलं. टोपल्यात दुपारच्या चार भाकरी होत्या, त्या चारही फडक्यात बांधून तिच्या हातात दिल्या. मग मुठीचा डबा राखेनं घासून, धुऊन, पुसून घेतला आणि घरात खायला होती ती ज्वारी त्यात ओतली. डबा अर्धाच भरला. तो उघडपणे खुळखुळ वाजवत ती संघप्रियाच्या दारावरून पुन्हा चर्चकडे गेली. लिंबाजीमामांनी ढीग पुरायला बाजूला काढून ताडपत्री धुऊन अंथरली होती; काखेतली पिशवीही तिनं त्यांच्या हवाली केली. त्या रिकाम्या ताडपत्रीच्या मधोमध तिनं आपला डबा पालथा केला.