मालक नसलेली रेनाटा

रेनाटा हत्तीण प्राणिसंग्रहालयाच्या सिमेंटच्या खड्ड्यात राहायची आणि मी, एवारिस्तो, तिचा राखणदार. माझे केस तिच्यासमोरच पिकले. मग आमच्या अर्जेंटिनातल्या न्यायालयानं निकाल दिला: रेनाटा ही वस्तू नव्हे, तिला तिचे हक्क आहेत, तिला ब्राझीलच्या अभयारण्यात मोकळं सोडा. बायको म्हणाली, "बघ, आता हत्तीणच तुला कामावरून काढणार."

ट्रकवर लोखंडी पेटी, पेटीत रेनाटा, पुढे निकानोर ड्रायव्हर आणि मी. सीमेवर जकातीचा अधिकारी आला.

"माल कुणाचा?"

"माल नाही, हत्तीण आहे."

"तेच ते. मालक कोण?"

"कोणी नाही."

"आजोबा, चेष्टा नको. कुत्र्यालाही मालक असतो."

मी निकालाची प्रत दिली. त्यानं ती वाचली, पुन्हा वाचली, मग पेटीच्या झरोक्याशी गेला. आतून सोंड आली आणि त्याच्या गालावरून हळूच फिरली. तो जागचा हलला नाही.

"जाऊ द्या बाईसाहेबांना," एवढंच म्हणाला.

अभयारण्यात पेटीचं दार उघडलं. समोर तांबडी माती, गवत, झाडं. कुंपण कुठं दिसेना. रेनाटा दारातच थांबली. दुपार झाली तरी हलेना. मी हाक मारणार, तोच तिथं हत्तींची देखभाल करणाऱ्या इरासेमाबाई म्हणाल्या, "थांबा. तिचं तिला ठरवू द्या."

आजवर तिला आत-बाहेर मीच केलं होतं. मी तोंड मिटून उभा राहिलो.

शेवटी तिनं एक पाय मातीवर टेकला. माती दबली. तिनं पाय उचलला, पुन्हा टेकला. मग सोंडेत माती भरून पाठीवर उडवली. त्या सिमेंटच्या खड्ड्यात मूठभरही माती नव्हती. हे तिला कुणी शिकवलं?

तेवढ्यात माझ्या छातीत काहीतरी घुमलं. कानांना धड ऐकू येईना, पण बरगड्यांना कळत होतं. रेनाटा बोलत होती. टेकडीपलीकडून तसंच उत्तर आलं आणि झाडीतून एक म्हातारी हत्तीण बाहेर पडली. दोघींनी एकमेकींच्या तोंडात सोंडा घातल्या. इतकी वर्षं मीच तिच्याशी बोलत आलो होतो. तिची स्वतःची भाषा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. निकानोरनं चर्चमध्ये काढतात तशी टोपी काढली.

दोघी चरत चरत झाडीत दिसेनाशा झाल्या.

"पुन्हा भेटायला येऊ का?" मी बाईंना विचारलं.

"या की. पण ती भेटेलच असं नाही."

ते ऐकून मला बरं वाटलं.